काचेवरचा भंडारा

सोलापुरातल्या पहिल्या दीड वर्षात माझ्याशी रोज न चुकता बोलणारी दोनच माणसं होती. एक खानावळीच्या बाई. त्या कानडी. संध्याकाळी माझं ताट उचलायला आल्या की विचारायच्या, "ऊटा आयतेनु?" म्हणजे जेवण झालं का? समोर पुसून लख्ख केलेलं ताट, हातावर पाणी घेऊन मी उठतोय, आणि यांचा प्रश्न जेवण झालं का! मी म्हणायचो, "आयतु." मला कानडी येत होतं ते एवढंच आणि त्यांना माझ्याकडून हवं होतं तेही तेवढंच. दुसरे मामा. त्यांच्याविषयी मी आजवर कोणाशी धड बोललेलो नाही.

एकोणीसशे तीस सालानंतरची ती वर्षं. मी पुण्याहून रसायनशास्त्र शिकून एका कापड गिरणीत केमिस्ट म्हणून लागलो होतो. केमिस्ट म्हटलं की लोकांना काय काय वाटतं! कप्पाळ! गिरणीच्या आवाराच्या टोकाला, बॉयलरच्या राखेच्या ढिगाशेजारी पत्र्याची एक खोली, तीच प्रयोगशाळा. खळीचा दाटपणा बघायचा, बॉयलरचं पाणी तपासायचं, ब्लीचिंगची पावडर किती जोरदार आहे ते सांगायचं. दिवसभरात कोणी आलंच तर बाटली घेऊन यायचं आणि चिठ्ठी घेऊन जायचं. राहायला खोली घेतली होती ती विणकरांच्या वस्तीत. सगळे तेलुगू बोलायचे. मी गल्लीत शिरलो की ओट्यावरची माणसं बोलणं थांबवून अदबीनं बाजूला सरायची. त्या अदबीनं मला रडू यायचं. कोणीतरी 'काय हो, आज उशीर?' एवढं तरी विचारावं, अशी फार इच्छा असायची. एकटेपणाचं कौतुक करणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. मला तो नकोसा होता, आणि माझा स्वभाव असा तिरसट की तो घालवायला मी स्वतःहून एक पाऊल टाकत नव्हतो.

मामा आपणहून आले. एक दिवस पाळी सुटल्यावर प्रयोगशाळेच्या दारातल्या पायरीपाशी उभे राहिले. पंचेचाळिशीचा उंच, वाळका माणूस, खांद्यावर घोंगडी, कपाळभर पिवळा भंडारा.

"सायब, हितं बसलं तर चालंल का? हितं जरा दम येतो."

"बसा की," मी म्हणालो. आणि ते बसले. गिरणीत सगळेच त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते वळसंगकडचे धनगर. ओळीनं दोन वर्षं पाऊस गेला, चारा संपला, मेंढरं हातची गेली, तेव्हा गिरणीत आले. तीन वर्षं ब्लीचिंग खात्यात होते. या खात्यात कोरं कापड पांढरं करतात. पावडरीच्या पाण्यातून काढलेलं कापड तेजाबाच्या टाक्यात बुडवलं की एक भपकारा उठतो. तो क्लोरीन गॅस. नाकात, डोळ्यांत, घशात शिरतो. मामा त्या टाक्याशी उभे असायचे, सकाळपासून पाळी सुटेपर्यंत.

रोज पाळी सुटली की ते पायरीवर येऊन बसायचे. आधी दहा मिनिटं नुसता खोकला. मग दम खाऊन बोलणं. मेंढराच्या लोकरीचं, बिरोबाच्या जत्रेचं, कोणत्या गवतानं दूध वाढतं त्याचं. मी आतून बाटल्या धुता धुता ऐकायचो. पुष्कळदा बाटल्या धुतलेल्याच असायच्या, त्या मी परत धुवायचो. माणूस बोलतोय म्हटल्यावर हाताला काहीतरी हवं ना.

एकदा मी विचारलं, "मामा, खातं बदलून का घेत नाही?"

"मागितलं की. घडी खात्यात घ्या म्हनलं. तितं नुसत्या कापडाच्या घड्या घालायच्या, हवा चांगली. तर मॅनेजरसायब म्हनले, ब्लीचिंगची हवाबी चांगलीच हाय, तुला काम नगंय म्हनून खोकतोस. आता खोकला काय मी इकत आनतो व्हय?" ते हसले आणि पुन्हा खोकू लागले. मग म्हणाले, "सायब, तुमी तर तपासनारं मानूस. ती हवा खराब हाय, एवढं कागदावर येऊ द्या. मग मला कोन न्हाय म्हनंल?"

एवढंच त्यांचं मागणं होतं. पगारवाढ नाही, बढती नाही. घडी खातं.

हवेतला क्लोरीन ओळखायचं एक लांबलचक इंग्रजी नावाचं औषध असतं. पाण्यासारखं दिसतं, त्यातून क्लोरीन गेला की पिवळं होतं. थोडा गेला तर फिकट, जास्त गेला तर गडद. हवा ओढायची युक्ती सोपी. एका मोठ्या बरणीत पाणी भरायचं, खालची तोटी सोडायची; पाणी जितकं बाहेर जाईल तितकीच हवा वरच्या नळीतून आत येणार, आणि ती वाटेत औषधाच्या बाटलीतून बुडबुडत येणार. मी ब्लीचिंग खात्यातली हवा अशी ओढली, बाटली घेऊन मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे पिवळं झालंय, साहेब."

त्यांनी बाटली खिडकीशी धरली. "कुठे? मला तर पांढरंच दिसतंय."

"पिवळं आहे."

"तुम्हांला पिवळं बघायचंय म्हणून पिवळं आहे."

मी हेड जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, बोलावलं. त्यानं आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाटलीकडे, आणि म्हणाला, "पांढरंच हाय." हात तिच्या! डोळे कसले आणि रंग कसला, ज्याचा पगार त्याचा रंग. मी बाटली उचलून दाणदाण पाय आपटत परत आलो. त्या दिवशी मामांनी काही विचारलं नाही. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असणार.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या भांडणातून माणसाचा डोळाच काढून टाकायचा. पुण्यातल्या माझ्या प्राध्यापकांनी एका पत्रात लिहिलं होतं की परदेशातून एक नवी चकती येते, तिच्यावर उजेड पडला की वीज निघते, उजेड कमी तर वीज कमी. मी त्यांना काकुळतीला येऊन लिहिलं. त्यांनी आपल्याजवळची एक चकती कापसात गुंडाळून पाठवली. रुपयाएवढी काळसर चकती. तिच्यासाठी मी सहा महिने घालवले.

बाजारातल्या पत्रेवाल्याकडून लांबट पेटी करून घेतली, आतून काजळीनं काळी केली. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला चकती आणि तिला जोडलेला काटा. मधल्या खाचेत काचेची चपटी कुपी, तिच्यात औषध. दिवा आणि कुपी यांच्यामध्ये निळी काच. ती मी औषधाच्या निळ्या बाटलीतून कापून, घासून घासून सपाट केली होती. निळा उजेड पिवळ्या पाण्यात अडतो. पाणी जितकं पिवळं, तितका उजेड कमी, तितका काटा शून्यावरून पुढे. गिरणीच्या विजेवर दिवा धड जळेना, माग सुरू झाले की मलूल, बंद झाले की भगभगीत. मग मोटारीची बॅटरी आणली. ती भरून आणायला दर आठवड्याला टांग्यातून जायचं. टांगेवाला म्हणायचा, "सायब, मोटर कहाँ है, खाली बॅटरीच घुमा रहे?"

मामा रोज पायरीवरून हे सगळं बघायचे. निळ्या काचेसमोर पेटीला एक छोटं दार होतं; ते उघडून मी संध्याकाळी मऊ फडक्यानं काच पुसायचो, फुंकर घालून परत पुसायचो. एकदा ते म्हणाले, "ह्येचा डोळा हाय म्हना की हा."

"डोळाच. पण या डोळ्याला पगार नाही, मामा. हा खरं सांगणार."

"मंग लई मोठा झाला की हा. देवावानी." आणि ते मनापासून हसले. मीही हसलो. सोलापुरात आल्यापासून मी आवाज करून हसलो असेन तर तो त्या पायरीवर.

यंत्र तयार झालं दसऱ्याच्या तोंडावर. पावडरीच्या पाण्यावर मी ते तपासून पाहिलं होतं, पण खात्यातली हवा त्यात कधी घातली नव्हती, कारण बाटलीच्या भांडणानंतर मला ब्लीचिंग खात्यात पाऊल टाकायची बंदी होती. मॅनेजरसाहेबांनी शेवटी एक दिवस दिला. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी दहा वाजता. एकच प्रयोग. अट अशी की आधी साधं पाणी घालायचं. साध्या पाण्यावर काटा शून्यावर राहिला तरच पुढचं बघणार. अट रास्तच होती. त्यांना 'रास्त आहे' असं मी म्हणालोसुद्धा.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा. माग, बॉयलर, कात्र्या, चाव्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. मला त्या गर्दीत उगाच लाजल्यासारखं व्हायचं. सगळ्यांची बायकामुलं येतात, एकमेकांना प्रसाद देतात, आणि मी आपला कोपऱ्यात खांबासारखा. यंत्राचा काटा सकाळीच शून्यावर लावून त्याच्या स्क्रूवर लाख ओतली होती, म्हणजे कोणाच्या धक्क्यानं हलणार नाही. "दार उघडंच आहे, तुमचं चालू द्या," असं कोणालातरी सांगून मी दुपारीच खोलीवर निघून गेलो. दसऱ्यानंतरच्या सकाळी आलो तर माझ्या पेटीवर झेंडूचं एक फूल आणि आपट्याची दोन पानं ठेवलेली. कोणी ठेवली ते मला कळलं. मला इतकं बरं वाटलं की मी ते फूल टाकलं नाही, खिडकीत ठेवलं.

मला खात्याची बंदी, म्हणून सात वाजता मामांनी बरणी ब्लीचिंग खात्यात नेली आणि टाक्याजवळची हवा ओढून बाटली आणून दिली. नऊला काच पुसायची, साडेनऊला सगळं मांडून ठेवायचं, असं माझं ठरलेलं. मॅनेजरसाहेब आठलाच दारात! बरोबर दोन खातेप्रमुख. "चला, आटपा. मला दहाला दुसरीकडे जायचंय." मी गांगरलो. कुपीत साधं पाणी भरलं, खाचेत सोडलं, दिवा लावला.

काटा शून्यावरून उठला आणि तिसऱ्या घरावर जाऊन उभा राहिला.

मग साहेब वाकून म्हणाले, "हे साधं पाणी ना? तुमच्या यंत्राला साध्या पाण्यातही गॅस दिसतो?" खातेप्रमुख हसले. साहेबही हसले. "राहू द्या. कपाटात ठेवा हे. आणि आता खळीकडे लक्ष द्या." आणि ते गेले. मी हट्टानं मामांनी आणलेली बाटली कुपीत ओतली. काटा अकरावर. वहीत लिहिलं: साधं पाणी तीन, ब्लीचिंग अकरा. मग काय बिघडलं ते बघायला पेटीचं छोटं दार उघडलं.

निळ्या काचेवर पिवळा पट्टा होता. बोटाचा. पाण्यात कालवलेला भंडारा, सुकून चिकटलेला, शेवटाला बोट उचलल्याची गोल खूण. पिवळा रंग निळा उजेड खातो. औषधाच्या पिवळ्यानं खावा, तसाच भंडाऱ्याच्या पिवळ्यानंही खाल्ला होता.

मामा दारातच उभे होते, निकाल ऐकायला.

"हे कोणी केलं?"

"मीच की सायब," ते हौसेनं पुढे आले. "परवा नवमीला. तुमी रोज तितंच पुसता, म्हनलं त्यो डोळा हाय, तितंच लावावं. बिरोबाचा भंडारा—"

"तुझं डोंबल!" मी ओरडलो. मला आठवतं, त्यांना मी तोवर कधी अरेतुरे केलं नव्हतं. "अरे, तुझ्यासाठी सहा महिने मरमर मरतोय मी! आणि तू आपल्या हातानं आपला गळा कापलास! गॅस नाही न् काही नाही, तुझं बोट दिसलं साहेबाला, बोट! जा! तोंड दाखवू नकोस मला!"

त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "माज्या बोटामुळं?"

"हो, तुझ्या बोटामुळं!"

ते गेले. मी वहीच्या पानावर आडवं 'रद्द' लिहिलं, पेटी कपाटात ढकलली आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर पायरीवर कोणी आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी मनाशी म्हटलं, रुसलाय, येईल. स्वतः उठून जाऊन दोन शब्द बोलायला काय झालं होतं? पण नाही. मला मान कुठे खाली घालायची! शंभर पावलांवर ब्लीचिंग खातं. साहेबांची बंदी होती, हे माझं निमित्त. बंदी खात्यात शिरायला होती, फाटकाशी उभं राहायला नव्हती. एकदा फाटकात ते समोरून आले, तर मीच तोंड फिरवलं. त्यांचं कपाळ कोरं होतं. ते मला दिसलं, पण त्यात काही आहे हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

त्या थंडीत मी इतका एकटा होतो की खानावळीच्या बाईंच्या 'ऊटा आयतेनु'ची वाट बघायचो. धुतलेल्या बाटल्या परत धुवायची सवय मात्र सुटली नव्हती. पाळीचा भोंगा झाला की हात आपोआप बाटल्यांकडे जायचे, मग पायरीकडे लक्ष जायचं आणि मी बाटली खाली ठेवायचो.

होळीच्या आसपास वही भरली म्हणून मी जुनी पानं चाळत होतो. नव्या वहीत काय उतरवायचं, काय सोडायचं ते ठरवत. 'रद्द'चं पान आलं. उलटणार होतो. आडव्या अक्षरांखाली दोन ओळी दिसत होत्या. साधं पाणी तीन. ब्लीचिंग अकरा.

काच दोन्ही वेळा तीच होती. भंडारा दोन्ही वेळा तेवढाच होता. भंडाऱ्याचे तीन, ते अकरातून काढून टाकायचे. आठ उरतात. आठ घरं गॅस! मराठी दुसरीतल्या पोरानं केली असती ती वजाबाकी. मी, पुण्याचा पदवीधर, पाच महिने कपाटाला कुलूप लावून बसलो होतो.

मी पेटी बाहेर काढली. काच पुसली, टांग्यातून बॅटरी भरून आणली, बंदी धाब्यावर बसवून ब्लीचिंग खात्यात शिरलो आणि हवा ओढून आणली. साधं पाणी शून्य. ब्लीचिंग नऊ. टाक्याशी एक नवीनच माणूस होता. मामा कुठे, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "मामा व्हय? संक्रांतीलाच गावाकडं गेले. लई खोकत हुते."

मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर मी यंत्र मांडलं आणि त्यांच्याच हातानं साधं पाणी ओतायला लावलं. मग दुसरी बाटली. काटा पुन्हा नऊवर. तसे ते दुष्ट नव्हते. डोळ्यांवर भांडता येतं, काट्यावर येत नाही, एवढंच. त्यांनी त्याच बैठकीत ब्लीचिंग खात्याला हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे मंजूर केले. माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास," म्हणाले. "आधीच नीट दाखवायचं की हे." मी म्हणालो, "तेव्हाही नीटच होतं." त्यांना ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी होटगीला गाडीतून उतरलो आणि विचारत विचारत वळसंगच्या वाटेला लागलो. ऊन चढलेलं, ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं. गावाबाहेर मामांचं घर सापडलं. दारात घोंगडी टाकून ते उन्हाला बसले होते. हाडं दिसत होती. श्वास घेताना खांदे वर यायचे. कपाळ कोरं.

मला बघून उठायला लागले. "सायब! हितं कुटं?"

"बसा मामा, बसा. तुम्ही उठू नका." मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसलो. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. वाटेत मी पुष्कळ जुळवून आणलं होतं, ते सगळं पळालं. मी म्हणालो, "मामा, तुमच्या कळपात अकरा मेंढरं मोजली. त्यांतली तीन शेजाऱ्याची निघाली. तर तुमची किती?"

"आठ की."

"त्या दिवशी काटा अकरावर गेला होता. तुमच्या भंडाऱ्याचे त्यांतले तीनच. आठ गॅसचे होते. गॅस होता, मामा. तुमच्या बोटानं काही बिघडलं नव्हतं. मी चुकीचं बोललो."

त्यांनी बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजलं.

"आठ म्हंजे लई झालं की."

"लई."

"म्हंजे ग्यास हुताच."

"होताच."

"मला छातीत कळतच हुता, सायब," ते म्हणाले. एकेक शब्दाला दम घेत होते. "रोज कळायचा. पर तुमी शिकल्यालं मानूस. तुमी म्हनला, ग्यास न्हाय, माजं बोट हाय. मंग मी म्हनलं, आसंल. देवाचा भंडारा नगं तितं लावला, म्हनून देवानंच छाती धरली आसंल. तवापास्नं मी भंडाऱ्याला हात लावला न्हाय."

त्यांनी आपल्या छातीपेक्षा माझ्या तोंडावर जास्त विश्वास ठेवला होता. गॅसनं त्यांची छाती धरली होती, आणि त्यांचा देव त्यांच्यापासून तोडला होता मी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यांनी बायकोकडे मान वळवली. "आन गं."

तिनं खुंटीवरची पिशवी आणली. भुकटी उडाली की त्यांना खोकला येईल म्हणून तिनं वाटीत थोडं पाणी घेऊन भंडारा ओला केला आणि त्यांच्या कपाळाला लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग वाटीत बोट बुडवून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर पायरीवरचं ते जुनं हसू आलं. "या हिकडं. तुमाला लावतो. काचंला न्हाय लावत आता."

मी कपाळ पुढे केलं.

मी पंख्यांचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "पोरास्नी बरं हुईल," म्हणाले, म्हणजे खात्यातल्या माणसांना. घडी खात्याचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. आता त्यांना कोणत्याच खात्यात उभं राहता येणार नव्हतं, ते आम्हां तिघांना दिसत होतं. थोड्या वेळानं ते बसल्या बसल्याच पेंगले.

मी उठलो. बाई मला कुंपणापर्यंत घालवायला आल्या. तिथे थांबून त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"सायब, एक इचारू? हे अकरातनं तीन जाऊन आठ, हे तवाच का न्हाय केलं?"

मी खोटं काही शोधत होतो. सापडलं नाही.

"मला राग आला होता," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "संक्रांतीपातूर तितंच हुबं ऱ्हायले ते. म्हनायचे, चूक माजी हाय, आता कंच्या तोंडानं दुसरं खातं मागू?" मग माझ्या पायांतल्या धुळीकडे बघून म्हणाल्या, "उनातनं चालत आलाय. बसा. भाकरी टाकते."

मी बसलो. त्यांनी भाकरी टाकली, वर शेंगाची चटणी दिली, आणि मी खाली मान घालून सगळी खाल्ली.

मामा पुढच्या दसऱ्यापर्यंत राहिले नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळी मी खानावळीत नुसताच जाऊन बसलो, ताट नको म्हणालो. बाईंनी माझ्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "ऊटा आयतेनु?"

"आयतु," मी म्हणालो. कुठे जेवलात, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्यांना सगळं सांगितलं असतं, मराठीत, त्यांना कळो न कळो.